फाटकावरच्या पेटीतला पाईप

सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या गाड्यावर मला तंबाखू ओढायचा एक पाईप दिसला. तो मी ऐंशी रुपयांना घेतला. भंगारवाला पन्नास म्हणाला होता. पण 'जिनिंगच्या फाटकावरच्या जुन्या पेटीत सापडला' हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि मी वर तीस रुपये दिले. हेच वाक्य त्यानं उद्या चारचौघांत सांगावं म्हणून दिले. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि पुरावा असाच गोळा करतात अशी माझी समजूत होती.

जिनिंग म्हणजे आमची सहकारी जिनिंग-प्रेसिंग सोसायटी. हंगामात तिच्या आवारात कापसाच्या घराएवढ्या गंज्या लागतात आणि एका ठिणगीत सगळं खाक होऊ शकतं. म्हणून फाटकावर एक लाकडी पेटी असायची, खणाखणांची. आत जाणाऱ्यानं बिडी, काडेपेटी, चिलीम, जे काय असेल ते एका खणात ठेवायचं आणि बाहेर येताना उचलायचं. पहारेकरी खिसे चाचपून बघायचा. हमाल असो, गाडीवाला असो, नाहीतर सभासद असो, सोडायचा नाही. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत माझे वडील दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभे राहिलेले मी लहानपणी पाहिले आहेत.

त्या वर्षी पोळा होऊन गेला तरी पाऊस नव्हता. कापूस गुडघ्याएवढा होऊन जागीच वाळला होता. गावात टँकर चार दिवसांनी यायचा आणि आला की त्याच्यावर हंड्यांची लढाई व्हायची. जिनिंगच्या आवारात मात्र विहिरीला पाणी होतं, शेजारचा मोठा हौद काठोकाठ भरलेला होता, आणि फाटक बंद होतं. सोसायटीचं उत्तर ठरलेलं: ते पाणी आगीसाठी राखीव आहे. कसली आग? सरकी काढणारे रेचे बंद, गोदामं रिकामी, आवारात कापसाचं एक बोंड नाही. जळायचं काय, पत्रे? हा प्रश्न घेऊन आम्ही पाच-सहा पोरं सोसायटीच्या वार्षिक सभेची वाट बघत होतो. सभा आठ दिवसांवर होती. पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला येतं याबद्दल मला शंका नव्हती. आजही नाही.

सोसायटीच्या ऑफिसात संस्थापक चेअरमनांचा मोठा फोटो आहे. कोट, टोपी आणि दातात धरलेला पाईप. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा चेअरमन आहे. फोटोत पाईप आणि फाटकाच्या पेटीतही पाईप. दोन्ही एकच, हे मी गाड्यावरच ठरवून टाकलं. म्हणजे सभासदांच्या काड्या काढून घेणारे साहेब स्वतः कापसाच्या गंजीशेजारी धूर काढत होते. तेव्हा कुठं गेली होती आगीची भीती?

आता फक्त पाईप कुठला आणि केवढ्याचा, एवढं कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं होतं. बाजारपेठेत एका अप्पांचं तंबाखूचं दोन पिढ्यांचं दुकान आहे. कपाळाला भस्म लावून ते सकाळपासून तराजूमागं बसलेले असतात. त्यांनी पाईप फिरवून फिरवून पाहिला, नाकाशी नेला आणि म्हणाले की वास तर आपल्या काळ्या तंबाखूचा येतोय. मी म्हणालो, भरणारा नोकर गावठी असेल. मग त्यांनी दांड्यावरची पितळेची बारीक कडी पुसली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती, अर्धी कापलेली. अप्पा म्हणाले, इंग्रजी हाय म्हंजे माल बाहेरचा. किंमत विचारली तेव्हा ते छताकडे बघून म्हणाले, एखादा शौकीन भेटला तर दहा हजाराला बी घेईल. मी त्यातला शौकीन सोडून दिला आणि दहा हजार तेवढे उचलले.

दुसऱ्या दिवशी पत्रक छापून आलं. वर ठळक अक्षरांत: 'सभासदांना काडी बंद, साहेबांना दहा हजारांचा विलायती पाईप'. खाली लिहिलं होतं की ज्या आवारात साहेबांच्या पाइपाला आगीची भीती नव्हती, त्या आवारातल्या रिकाम्या गोदामांना आज आगीची भीती वाटते आणि विहिरीला कुलूप लागतं. वाक्यं चांगली होती. लोकांनी ती चहाच्या टपऱ्यांवर मोठ्यानं वाचली. आमच्यातला एक जण म्हणाला, "व्यसनमुक्तीवर भाषणं देतोस आन् खिशात पाईप घालून हिंडतोस बे." मी हसलो. मला लई बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगचा पहारेकरी सायकलवर माझ्याकडे आला. सगळं गाव त्याला मामा म्हणतं. खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यानं खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. मॅनेजरची नोटीस होती. संस्थापकांची मौल्यवान वस्तू तुमच्या ताब्यातील पेटीत कशी आली, ती तुम्ही ऑफिसात जमा का केली नाही, याचा खुलासा सभेपूर्वी करावा, अन्यथा आपणांस कामावरून कमी करण्यात येईल. सरळ मराठीत सांगायचं तर, तू साहेबांचा पाईप चोरलास.

"पाईप माझा हाय," मामा म्हणाला.

मी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, मामा, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

"पाठीशी कुठं? म्होरं तूच हायस की. नोटीस तुझ्या पत्रकानं आणली."

मी समजावून सांगितलं की साहेबांचा गुन्हा त्यानं आपल्या अंगावर घेऊ नये. नोटिशीला आम्ही जोरदार उत्तर देऊ. आणि 'पाईप माझा' हे सांगण्यात काही अर्थ नाही, कारण त्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. जन्मभर चिलीम ओढलेल्या माणसाकडे असा पाईप येणार कुठून?

मामानं नोटीस घडी घालून परत खिशात ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "तुला पटत न्हाई कावून? माझ्यापाशी चांगली चीज असू न्हाई, असं कुठं लिव्हलंय?"

यावर मी भाषण केलं. पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या माणसाला मालकाची चूकही आपलीच वाटते, असं काहीतरी. मामानं सगळं ऐकून घेतलं. सायकलच्या सीटवरची धूळ टॉवेलनं झटकली आणि जाताना म्हणाला, "सभेला पाच दिस हायत. तपास कर. पर तपासच कर, भाषण नको."

मी तपासाला निघालो तो मामा खोटं बोलतोय हे सिद्ध करायला. भीतीपोटी बोलतोय, असं मी मनाशी म्हणत होतो, म्हणजे मला त्याचा रागही येत नव्हता आणि विश्वासही ठेवावा लागत नव्हता. परळीत एक म्हातारे कातारी काका आहेत. पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खूर असं लाकूड कातून करण्याचं त्यांचं दुकान. त्यांनी थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरचा पाईप एकदा दुरुस्त करून दिला होता, असं मला कळलं होतं. मी बसनं गेलो. त्यांच्यापुढे पाईप ठेवला आणि वाचायला पत्रकही ठेवलं. त्यांनी पत्रक वाचलं नाही. भुसा झाडून ते फळीवर पसरलं आणि त्यावर पाईप घेऊन बसले.

आधी त्यांनी बुडाला पात्यानं जरा खरवडलं. म्हणाले, बाभळीची मुळी हाय. विलायतेत बाभळी असत्यात का? मग दांड्याचं काळं टोक सहाणेवर चार-सहा वेळा जोरात घासून माझ्या नाकाशी धरलं. जळक्या केसांसारखा वास आला. म्हशीचं शिंग. पितळेच्या कडीचं मी स्वतःहून विचारलं, कारण तिच्यावर इंग्रजी होतं. ते हसले. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाची नळी कापून केलेली कडी होती, आणि अक्षरं स्टोव्ह करणाऱ्या कंपनीची. तरी मी हटलो नाही. म्हणालो, देशी असेल, पण चेअरमननं करवून घेतला असेल.

"मंग दात कुठायत?" काकांनी विचारलं.

इंजिनिअरच्या पाइपाचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं म्हणे. पाईप ओढणारा तो दातात धरतोच. या टोकावर एक ओरखडा नव्हता. त्याऐवजी टोकापासून बोटभर अंतरावर तपकिरी पट्टा होता आणि भिंगातून त्यात कापडाचं विणकाम उमटलेलं दिसत होतं. ही छापी. चिलमीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात ना, ती. चिलीम ओढणारा टोकाला ओठ लावत नाही. फडक्याभोवती मूठ वळतो आणि मुठीतून ओढतो.

मग काकांनी सायकलची एक तार घेतली आणि म्हणाले की साहेबाच्या पाइपात ही जेमतेम जाते. इथं त्यांनी तार बाजूला ठेवली आणि दांड्यात सरळ करंगळी घातली. ती आत गेली. पाईप उलटा करून त्यांनी फळीवर दोनदा आपटला. आतून एक काळा पडलेला, बोराच्या आठळीएवढा खडा निघाला आणि माझ्या पत्रकावर पडला. तंबाखू आणि विस्तव खाली घसरू नये म्हणून चिलमीत टाकतात तो खडा.

"ज्यानं केलाय त्यानं पाईप लांबून बघितलेला हाय, हातात कवा धरलेला न्हाई," काका म्हणाले. "बाहेरून साहेबासारखा केला. आतून कसा असतो ते कोण सांगणार? त्याला चिलमीचं आतलं ठाऊक, मंग त्येच केलं."

मी किंमत विचारली. लाकूड सरपणाचं, शिंग फुकटचं, मजुरी दोन-तीन दिवसांची. तीनशे म्हणाले. आणि असंही म्हणाले की मी केला तर भोक बारीक करीन, मग तुझ्या त्या माणसाला तो ओढता यायचा नाही.

तुझ्या त्या माणसाला. मी मामाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. पण पाईप चिलीम ओढणाऱ्या माणसाचा आहे हे त्यांना पाच मिनिटांत दिसलं होतं आणि मला पाच-सहा दिवस दिसलं नव्हतं. मी गरिबांसाठी लढतो म्हणून गावभर सांगत होतो, आणि गरिबाच्या हातात एक देखणी वस्तू दिसली की ती दुसऱ्या कुणाची तरी असणार, हे मी मॅनेजरच्याही आधी ठरवलं होतं. मॅनेजरनं नुसती माझी नक्कल केली. हे मान्य करायला मला परळी ते सिरसाळा एवढा रस्ता लागला. त्याहून जास्त नाही लागला, हेही सांगतो. मी खडा त्याच पत्रकात गुंडाळून खिशात टाकला होता.

बसमधून उतरून थेट मामाच्या घरी गेलो. मामी दारात ज्वारी निवडत बसली होती. माझ्या हातात पाईप बघून ती आधी त्याच्याशीच बोलली. म्हणाली, "आलास का परत? घरात यायचं न्हाई, सांगून ठिवते." मग माझ्याकडे वळून म्हणाली की या लाकडापायी मी दहा वर्षं भांडले, खोकून खोकून माणूस निळा व्हायचा, शेवटी ते तिकडं फाटकावरच ठेवा म्हणून शपथ घातली. म्हणून तो पेटीत होता. पहारेकऱ्यानंही आपली चीज खणातच ठेवायची असते. मामानं पुढं ओढणं सोडलं, पाईप तळाच्या खणात राहिला. मामा गाय घेऊन चारा छावणीत गेला होता तेव्हा मॅनेजरनं नवी लोखंडी पेटी आणली आणि जुनी भंगारात काढली. एवढंच घडलं होतं. आणि हा साक्षीदार मला वर तीस रुपये न देता मिळाला होता.

मग मामानं पाईप आला कुठून ते सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मामा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि लिंबागणेशच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. शेजारच्या ढिगावर एक कातारी होता, कारण त्या साली लाटणं कोण विकत घेणार? ओव्हरसियर बाभळीखाली खुर्ची टाकून पाईप ओढत बसायचा आणि संध्याकाळी ढीग मोजायचा. कातारी हातोडा मारता मारता त्या पाइपाकडे बघायचा. मग त्याला ताप भरला. काम बुडालं तर हजेरीवरून नाव जाईल, म्हणून मामानं आठ दिवस आपला ढीग करून वर त्याचाही ढीग केला. उठल्यावर कातारी रस्त्यात आड आलेल्या एका बाभळीची मुळी घेऊन बसला. दुपारी सुकडी खाऊन झाली की चाकूनं कोरायचा आणि तापलेल्या सळईनं भोक पाडायचा. तंबूमागं ओव्हरसियरचा फुटका स्टोव्ह पडला होता, त्याची कडी. दोन-तीन आठवड्यांनी त्यानं पाईप मामाच्या हातात दिला आणि म्हणाला, घे, आता तू बी साहेब. पुढं कामं दुसरीकडे गेली आणि दोघांची गाठ पडली नाही. मी त्याचं नाव विचारलं तर मामा म्हणाला, ठाऊक हाय, पर सांगणार न्हाई, तू पत्रकात घालशील.

अप्पांचे दहा हजार आणि काकांचे तीनशे दोन्ही बाजूला राहिले. किंमत आठ दिवसांची खडी होती.

आमच्या पोरांना मी सांगितलं की चुकीचं पत्रक काढायचं. त्यांना ते पटलं नाही. सभा दोन दिवसांवर आली, विरोधक नाचवतील, पाण्याचा मुद्दा मरेल, सभेनंतर काढ. सभेनंतर मामाची नोकरी गेलेली असणार होती. मी म्हणालो, काढायचं म्हणजे काढायचं. छापणारा म्हणाला, माफीचं आहे तर बारीक टायपात घेऊ, कागद वाचेल. मी आधीच्याच टायपात घ्यायला लावलं. 'पाईप संस्थापकांचा नाही. पाईप फाटकावरच्या पहारेकऱ्याचा आहे. आम्ही न तपासता छापलं, चूक आमची.' मामाचा खुलासाही मीच लिहिला. त्यातली विशेषणं त्यानं एकेक करून खोडायला लावली. उरल्या चार ओळी.

सभा फाटकाबाहेर ताडपत्रीच्या सावलीत भरली. मॅनेजरनं खुलासा वाचला आणि म्हणाला की पहारेकरी म्हणतो म्हणून आम्ही कसं मानायचं. मी उभा राहिलो. पाईप वर धरून काकांनी दाखवलेलं सगळं सांगितलं: मुळी, शिंग, कडी, छापी. मागून कुणीतरी म्हणालं, कालपर्यंत विलायती होता की रे. मी म्हणालो, होता, मीच केलता.

मग चेअरमन बोलले. "आमच्या वडिलांचा पाईप आमच्या घरी कपाटात हाय. फोटो बी घरीच काढलेला. एकदा ते पाईप घेऊन आत निघालते, तर ह्याच मामानं फाटकावरून माघारी धाडलं. तवापासून घरीच ठेवून यायचे. तू मला विचारायचं होतंस."

विचारायचं मला सुचलं नव्हतं. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं त्यालाच जाऊन विचारणं, ही रीत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. मी हे तसंच सांगितलं आणि बसलो.

मॅनेजर तरी पुराव्याचं म्हणत राहिला. तेव्हा मामा पुढं आला. सभेसाठी ठेवलेल्या पाण्याच्या हंड्यात टॉवेलचं टोक बुडवलं, पिळलं, दोन वेढ्यांत दांड्याभोवती गुंडाळलं आणि मूठ वळून तोंडाशी नेली. ना तंबाखू, ना विस्तव. पण त्याची बोटं त्या तपकिरी पट्ट्यावर आपोआप बसली, जशी आपली चप्पल अंधारातही पायात बसते. पुढच्या रांगेतले म्हातारे सभासद हसायला लागले. एकानं विचारलं, एक झुरका आमाला बी मिळंल का? मामानं पाईप कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाला, खडा न्हाई. चेअरमन मॅनेजरकडे वळून म्हणाले, खुलासा मंजूर, नोटीस मागं घ्या, आणि इतिवृत्तात लिहा. मॅनेजरनं लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं, कारण आता मी तपास करायला शिकलो होतो.

पाण्याचा प्रश्न मी मांडलाच नाही. एका म्हाताऱ्या सभासदानं मांडला. उठून एवढंच म्हणाला की पोराचा पाईप चुकला, पण गोदाम रिकामं आहे ते तर आमाला बी दिसतंय, मग कुलूप कशाला? माझ्या पहिल्या पत्रकात तेवढं एक खरं होतं आणि तेवढं पुरलं. हौद आगीसाठी भरलेला ठेवायचा आणि विहीर गावाला उघडायची, असं ठरलं.

सभेनंतरचा चहा आतल्या आवारात होता. मामा फाटकावर उभा राहिला. पाईप त्यानं माझ्याकडून मागितला नाही, नुसता हात पुढं केला. मी दिला. नव्या लोखंडी पेटीचा तळाचा खण उघडून तो म्हणाला, "हात वर."

मी बिडी ओढत नाही हे त्याला ठाऊक होतं. मी हात वर केले. त्यानं दोन्ही खिसे चाचपले आणि पत्रकाची पुरचुंडी बाहेर काढली. उलगडून खडा पाहिला, शर्टाला पुसला, पाइपात टाकला आणि पाईप खणात ठेवला. पत्रक मला परत दिलं. माझ्यामागं चेअरमन उभे होते. मामानं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनीही हात वर केले.